मेंढरांनी सोडलेली खोली

फक्कीची गोणी स्कूटीवर पायाशी ठेवून साधना निघाली, तेव्हा काम अगदी साधं होतं. उद्या सकाळी गवंडी पाया खणायला येणार होता. त्याआधी वडगाव रासाईच्या जागेवर पांढऱ्या फक्कीने घराची आखणी करून ठेवायची, एवढंच. मागच्या गाडीवर मोनिका आणि सविता होत्या. तिघी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला. शिफ्ट सुटल्या सुटल्या निघाल्या होत्या.

तिघी म्हणजे मुळात चौघी. चौथी हर्षदा. कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी विधवा, कुणी लग्नाच्या फंदातच न पडलेली. म्हातारपणी कुणाच्या दारात पडायला नको म्हणून चौघींनी मिळून भीमेकाठी ही जागा घेतली होती. प्रत्येकीला आपली खोली आणि मधे एकच स्वयंपाकघर. गावाने चेष्टा केली, चार भांडी एका जागी आली की आवाज व्हायचाच. हर्षदा म्हणायची, "हुं दे की! आवाज न्हाई त्ये घर कसलं?"

पाबळला बांधकामाचं शिकून आलेली तीच. उन्हाळ्यात फक्कीने पहिली आखणी तिनेच केली होती, नदीकडच्या कोपऱ्यात स्वतःची खोली आणि तिला लागून साधनाची. आणि सुट्टीच्या दिवशी चौघी त्या बिनभिंतीच्या घरात बसून डबे खायच्या. आत यायचं ते दारातूनच. कुणी रेघ ओलांडली की हर्षदा ओरडायची, "भिंतीतनं काय येतीस? भूत हायेस व्हय?"

श्रावणात ती तापाने गेली. फक्कीच्या रेघाही पावसात धुऊन गेल्या. आता मोनिका आणि सविता म्हणत होत्या, खोल्या तीनच काढू. त्यांचंही काही चुकत नव्हतं. गेलेल्या माणसाला खोली कशाला? पण साधनाच्या घशाखाली ते उतरत नव्हतं. ती खोली गेली की हर्षदा खरोखरच गेली, असं तिला वाटायचं. हे बोलायचं तरी कुणापाशी? असलं बोलायची जागा हर्षदाच होती.

पोचल्या तेव्हा दिवस मावळला होता. नदीवरून धुकं चढत होतं, उसाच्या पाचटाचा ओला वास येत होता. मल्हारी धनगराने फोन करून विचारलं होतं, त्याप्रमाणे त्याची मेंढरं रात्रीपुरती जागेवर बसली होती. अंगाला अंग लावून बसलेला कळप आणि रवंथाची बारीक करकर. नदीकडच्या कोपऱ्यात मात्र एक चौकोन मोकळा होता.

"बाई, तितं काय पुरलंय का?" मल्हारीमामांनी हळूच विचारलं.

"न्हाई, मामा. का हो?"

"दोनदा हाकलली आत. बसंनात. पाय ठिवला की म्हागं सरत्यात..."

चौकोनाच्या कडा दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या. स्वयंपाकघराच्या अंगाला, माणूस जाईल एवढीच वाट मेंढरांनी सोडली होती. हर्षदाच्या आखणीत दार तिथेच होतं.

"ही हर्षीची खोली, मामा," सविता कशीबशी म्हणाली. "ती... ती गेली श्रावणात."

"मंग ऱ्हाऊ द्या की तिची."

"चल सवे, माघारी," मोनिकाने सविताचा हात ओढला. "इकून टाकू जागा... साधने, चल गं..."

साधना हलली नाही. भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्याहून जास्त तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटत होती. ती वळसा घालून गेली आणि दारातूनच आत शिरली.

आत रवंथ ऐकू येत नव्हता. मेंढरांचा वासही नव्हता. वास होता पॅकिंगच्या डिंकाचा आणि खोबरेलाचा, हर्षदा शेजारी डबा उघडून बसली की यायचा तोच. साधना मटकन खाली बसली. माती कोमट लागली.

"हर्षे... तुझी खोली कुणी न्हाई मोडत गं. पर तू अशी एकटी इतं... तुला एकटीला झोप तरी लागती का?"

आणि मग पावसाळ्यापासून दाबून धरलेलं रडू फुटलं. आता तिला कुणी थांबवलं नाही, समजावलंही नाही. पोटभर रडून झाल्यावर तिने डोळे पुसले, तेव्हा शेजारची मेंढरं उठायला लागली होती. न ओरडता, माना खाली घालून, एकेक करून ती बाजूला सरत होती. मल्हारीमामांचं कुत्रं नुसतं बघत राहिलं. त्या चौकोनाला लागून दुसरा चौकोन मोकळा होत गेला, तसाच सरळ कडांचा.

"आन् ही वं कुणाची?" मल्हारीमामांनी विचारलं.

मोनिका आणि सविता साधनाकडे बघत होत्या.

दोन्ही खोल्यांच्या मधे मेंढरांची एक रांग तेवढी भिंतीसारखी बसून राहिली होती. मग तीही उठली.