आता पेज द्यायची नाही

व्हरांड्याच्या वळणावर धडक झाली. खाडीकाठच्या त्या छोट्या इस्पितळातली नर्स सत्यवती लगबगीनं येत होती आणि समोरून शिवदास, आगरदांड्याचा होडीवाला, पंच्याखाली तांब्या लपवून. पेज सांडली ती थेट तिच्या पांढऱ्या साडीवर!

"हे काय?"

"पेज... बासाठी. आई बोलली, नळीतनं जरा जास्तीची वत." तो ओशाळून हसला. हसू मोठं गोड होतं मेल्याचं! पण सत्यवती विरघळली नाही. निदान तसं दाखवलं नाही.

शिवदासच्या बापाला, धर्माला, अर्धांगाच्या झटक्यापासून गिळता येत नव्हतं. महिनाभर शिवदास त्याच्या उशाशी होता आणि सत्यवतीशी रोज गाठ पडत होती. नाकातल्या नळीतून धर्माच्या पोटात अन्न जाई. दर वेळी ते देण्याआधी सत्यवती पिचकारीनं नळीतून ओढून बघे, पोटात आधीचं किती उरलंय ते. आज बरंचसं तसंच होतं. पोट टम्म फुगलेलं, उचक्या थांबत नव्हत्या.

"मी सांगेपर्यंत काही द्यायचं नाही. उलटून छातीत गेलं तर जीव जाईल."

खाटेशी बसलेली शिवदासची आई येसूबाई उसळलीच. "आमच्या घरातनं पावना उपाशी जात न्हाय, आन् घरधनी उपाशी? शिवा, वत ती पेज! का ही पोरगी आईपेक्षा मोठी झाली?"

सत्यवती खाटेसमोर वाट अडवून उभी राहिली. "आधी मला बाजूला करा."

शिवदासनं तांब्या उचलला... आणि उरलेली पेज स्वतःच घटाघटा पिऊन टाकली!

"संपली," तो तोंड पुसत म्हणाला. "आता सिस्टर बोलेल तसंच."

येसूबाईनं त्याच्याशी अबोला धरला. संध्याकाळपर्यंत धर्माचं पोट मऊ झालं, उचक्या थांबल्या. नळीतून ओढलं तर जवळजवळ काही नाही. सत्यवतीनं थोडं थोडं दूध सुरू केलं आणि तिचे डोळे भरून आले.

"रडतेस?" शिवदास हळूच म्हणाला. 'सिस्टर' कधी गळून पडलं, त्यालाही कळलं नाही.

"घाबरले होते. तुम्ही ओतली असती तर..."

"तुझा शब्द मोडवतोय व्हय माझ्याच्यानं?" तो थबकला. "लगीन... करशील माझ्याशी?"

तिला हवाच होता तो. 'हो' जिभेवर आलं होतं. तरी मान ताठ करून ती म्हणाली, "नोकरी सोडणार नाही."

"सोडलीस तर मीच न्हाय करनार!"

"मना ऐकू येतंय सगला!" दारातून येसूबाई कडाडली.

"येऊ दे," सत्यवती म्हणाली, आणि तिच्यादेखत तिच्या लेकाचा हात हातात घेतला.