विमानानं नमस्कार केला नाही

रविवार, १७ मे. सकाळी सात चाळीसला चांदीपच्या माळावरच्या धावपट्टीत अकरा म्हशी शिरल्या आणि पर्यटकांना फेरी मारून आणणारं दोन आसनी विमान करकचून ब्रेक लावत थांबलं.

म्हशी आपोआप शिरल्या नव्हत्या. तेरा वर्षांच्या ॲनिशानं कुंपणाचं फाटक उघडलं होतं आणि तिचा मावसभाऊ एल्रॉय काठी घेऊन त्यांच्या मागे लागला होता.

त्याआधी दहा मिनिटं दोघं कुंपणाला टेकून उभे होते. विमानात त्यांची मैत्रीण उन्नती होती, वाढदिवसाची फेरी मारायला आलेली. ॲनिशाचे पप्पा, टोनी, इथले मेकॅनिक. ते सकाळच्या मिस्साला पापडीच्या चर्चमध्ये गेले होते. "मी आल्याशिवाय विमान काढू नका," असं त्यांनी मालक जयवंतसरांना बजावलं होतं. मालकांना घाई होती.

सुट्टी लागल्यापासून मुलांचा एक खेळ होता. निघण्यापूर्वी वैमानिक संग्राम हातातला दांडा पुढेमागे करून बघायचा. त्याबरोबर शेपटीची आडवी फळी वरखाली व्हायची. विमान नमस्कार करतंय म्हणून एल्रॉयही कमरेत वाकायचा.

आज तो वाकला आणि तसाच राहिला. "साहेब आज रुसलेत वाटतं. मी एकटाच वाकतोय."

"संग्रामदादा मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. दांडा हलवलाच नसेल त्यानं."

"अगं, पण खड्ड्यातून जाताना तरी फळी हलते की. बघ, ढिम्म आहे."

ॲनिशाचा हात दप्तराकडे गेला. दप्तराला एक लाल फीत बांधली होती. विमान उभं असताना वाऱ्यानं फळी आपटून मोडू नये म्हणून पप्पा तिला एक पांढरा चिमटा लावत. चिमटा दुरून दिसत नसे, म्हणून त्याला ही फीत लोंबायची. गुरुवारी जाहिरातीचे फोटो काढताना जयवंतसर म्हणाले होते, "हे लाल शेपूट काय लावलंय? काप ते." पप्पांनी नको म्हटलं, मग कापली. फीत ॲनिशाला आवडली, तिनं मागून घेतली.

"चिमटा तसाच आहे," ती म्हणाली. "वर गेलं तर खाली आणता येणार नाही."

दोघांनी हात हलवले, ओरडले. संग्रामनंही हसून हात हलवला. रोज पोरं हात हलवतात, तोही हलवतो. विमान पट्टीच्या टोकाकडे गेलं. तिथून वळून ते धावत येणार होतं.

"त्याला आपण दिसतो," कुंपणाबाहेर चरणाऱ्या म्हशींकडे बघत एल्रॉय म्हणाला, "पण थांबेल तो फक्त म्हशींना."

विमान थांबल्यावर आधी पोहोचले म्हशींचे मालक शांतारामकाका. "माज्या म्हशी कोनी सोडल्या?"

ॲनिशा शेपटीशी गेली आणि चिमटा दाखवला. संग्रामचा चेहरा पांढरा पडला. उन्नती उतरली आणि बांधावरच बसली. काकांनी काठी खाली टाकली. "पोरांनो, जीव वाचवलात रं," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या रविवारी पापडीत मुलांचं कौतुक झालं. फादरांनी त्यांना वेदीपाशी बोलावलं, उन्नतीच्या बाबांनी घड्याळं दिली. जयवंतसरांनी ॲनिशाच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहे मुलगी," ते सगळ्यांना म्हणाले.

दोन दिवसांनी चौकशीत त्यांनीच सांगितलं, की फीत मेकॅनिकनं काढून घरी नेली. त्याच्या मुलीच्या दप्तरालाच ती सापडली.

टोनींना घरी बसायला सांगितलं गेलं.

"पप्पा, मी फीत मागितली नसती तर?"

"तर चिमटा मला एकट्याला आठवला असता, आणि मी होतो पापडीला," टोनी म्हणाले. "आणि उन्नती वर गेली असती. जेव आता."

तिनं गुरुवारी ऐकलेलं सगळं वहीच्या कागदावर लिहिलं. खाली एल्रॉयनं सही केली, उन्नतीनंही. चौकशी अधिकाऱ्यांनी कागद घेतला. "तू त्यांची मुलगी ना?" असं विचारलं आणि कागद फायलीत ठेवला.

संग्रामही गुरुवारी तिथेच उभा होता. त्याला काही आठवत नाही.

शुक्रवार, ५ जूनपर्यंत निकाल आलेला नव्हता. फीत अधिकाऱ्यांकडे जमा आहे. त्या संध्याकाळी एल्रॉय सायकलवरून माळावर जाऊन आला. विमान उभं आहे. शेपटीला चिमटा आहे. चिमट्याला फीत नाही.