बंधाऱ्याच्या खांबांमधलं पोतं

मामा मासे धरायच्या काठीचं एकच रीळ आणणार होता आणि ते कोणतं आणायचं यावर सकाळपासून मागच्या ओट्यावर भांडण पेटलं होतं.

"बेटकास्टिंगच," योगेंद्र ठासून सांगत होता. "मोठे लोक तेच वापरतात."

"आणि मोठे लोकच दोऱ्याचा गुंता सोडवत बसतात," किरण म्हणाली. "स्पिनिंग आणा. फेकलं की गेलं."

सोनल मधे बसून दोघांचं ऐकत होती. ती धुळ्याहून दिवाळीच्या सुट्टीत भडगावजवळच्या मामाच्या गावी आली होती. योगेंद्र हा तिच्या जगदीशमामाचा मुलगा आणि किरण शेजारची. तिघांची गट्टी अशी की सोनलची बस गावात शिरायच्या आधीच ती दोघं फाट्यावर येऊन उभी राहत. त्या दिवाळीला आता बरीच वर्षं झाली. सोनल कॉलेजात गेली, किरण पुण्याला. तरी थंडीची चाहूल लागली, कुणाच्या शेतात भरिताची वांगी भाजल्याचा वास आला, की सोनलला तो ओटा आठवतो आणि त्यावरचं ते भांडणही.

भांडणाचं मूळ होतं गिरधर आबांचं जुनं बेटकास्टिंगचं रीळ. आबा, म्हणजे सोनलच्या आईचे वडील, भुसावळला रेल्वेत फिटर होते. तिथे हेन्री नावाच्या इंजिन ड्रायव्हरशी त्यांची मैत्री जमली. दर रविवारी दोघं तापीवर गळ टाकायला जात. हेन्रीसाहेब निवृत्त होऊन कायमचे परदेशी निघाले, तेव्हा गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून हे रीळ आबांच्या हातात दिलं होतं. आबा ते दर दसऱ्याला तेल देऊन पुसत, पण नदीवर कधी नेत नसत. अलीकडे तर त्यांचे हात कापायला लागले होते.

शेवटी आबांनीच भांडण मिटवलं. दोन्ही रिळं नदीवर न्या आणि काय ते तिथेच ठरवा, असं ते म्हणाले. स्पिनिंगचं रीळ किरणच्या काकाचं होतं, ते तिनं मागून आणलं.

गावाखाली गिरणेवर बंधारा होता. त्याच्या वर पाणी साठून मोठा डोह झाला होता आणि डोहाच्या काठाला गावाची जॅकवेल होती. तिथून पंपानं पिण्याचं पाणी टाकीत चढायचं. आबा काठावरच्या खडकावर टेकले आणि त्यांनी दोन्ही रिळांची रीत समजावून दिली. स्पिनिंगचं रीळ काठीच्या खाली लोंबतं, दोरा सैल वेटोळ्यांनी सुटतो. हलका गळही लांब जातो आणि नवख्या हातालाही ते जमतं. बेटकास्टिंगचं रीळ काठीच्या वर बसतं आणि गळ फेकताना त्याचा दोरा गुंडाळलेला ढोल स्वतःच फिरतो. त्यावर जाड दोरा मावतो, जड गळ अगदी नेमका जातो. मात्र फिरत्या ढोलावर अंगठा हवा. अंगठा वेळेवर दाबला नाही, तर गळ थांबतो, ढोल फिरतच राहतो आणि दोऱ्याचं घरटं होतं.

योगेंद्रनं पहिल्याच फेकीत असं घरटं केलं की ते सोडवण्यात दुपार गेली. किरण हसून हसून वाळूत बसली. सोनलला मात्र ते वरचं रीळ आवडलं. तिनं पुन्हा पुन्हा फेकून पाहिलं. संध्याकाळपर्यंत तिचा अंगठा लाल झाला होता, पण सांगितलेल्या दगडाच्या आसपास तिचा गळ पडायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी ती तिघं काठावर गेली आणि थबकली. जॅकवेलच्या बाजूला बारीक मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

पंप चालवणारे छगनकाका खोलीच्या दारात पेपर वाचत होते. पोरांनी त्यांना हाक मारून दाखवलं. थंडी पडली की मासे मरतातच, असं म्हणून काकांनी पान उलटलं.

"मग पलीकडचे का नाही मेले?" सोनलनं विचारलं. "थंडी काय एकाच काठाला पडते?"

काका पेपर घेऊन आत गेले. घरी मामा दिवाळीच्या गडबडीत होता, बघू नंतर म्हणाला. ऐकून घेतलं ते आबांनी. काठी टेकत ते पुन्हा डोहावर आले, वाकून त्यांनी वास घेतला आणि कुणीतरी पाण्यात विषारी काहीतरी टाकलंय, असं म्हणाले. पाण्याला हात लावायचा नाही आणि शेवाळलेल्या बंधाऱ्यावर पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांनी पोरांना ताकीद दिली.

मग काठावरूनच शोध सुरू झाला. किरणनं स्पिनिंगच्या रिळाला चमकणारा पत्र्याचा हलका मासा लावला आणि डोहाचा एकेक भाग तळापासून चाळून काढला. इथे टाक, ओढ. तिथे टाक, ओढ. कुठे शेवाळ आलं, कुठे काहीच नाही. बंधाऱ्याच्या मधल्या दोन खांबांमध्ये मात्र गळ कशात तरी रुतला. दगडासारखं टणक नव्हतं ते. ओढलं की थोडं सरकायचं. किरणनं जोर लावला, तसा तंगुसाचा बारीक दोरा तट्कन तुटला.

"आता जड गळ पाहिजे," योगेंद्र म्हणाला. त्यानं आबांच्या रिळावर जाड विणलेला दोरा भरला, टोकाला तीन आकड्यांचा मोठा गळ आणि वजनाला ट्रॅक्टरचा नट बांधला. मग काठी त्यानं गुपचूप सोनलच्या हातात दिली.

दोन खांबांमधली फट अरुंद होती आणि वरून बाभळीची फांदी आडवी आली होती. सोनलची पहिली फेक खांबावर आपटली आणि ढोलावर घरटं झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळात पंप सुरू होणार होता आणि ते पाणी घरोघरी जाणार होतं.

आबा जवळ आले. "पोरी, घाई करू नको," ते म्हणाले. "नट पाण्यावर टेकाच्या आधी अंगठा दाब. आते फक्त ती जागा देख."

गुंता सुटला. सोनलनं फांदीकडे पाहिलंच नाही. नट खालून सरळ गेला, अंगठ्याखाली ढोल गरम झाला, तिनं दाबला आणि गळ बरोबर फटीत बुडाला.

आबांनी रिळानं ओढू दिलं नाही. दोरा जाड काठीला गुंडाळून तिघांनी मिळून ओढलं. हळूहळू एक गच्च बांधलेलं पोतं काठाला आलं. त्याच्या फाटक्या कोपऱ्यातून फवारणीच्या औषधाच्या बाटल्या डोकावत होत्या. काही फुटल्या होत्या. वासानं डोकं गरगरलं. आबांनी पोरांना वारा येत होता त्या अंगाला पिटाळलं आणि लांब काठीनं पोत्यावर बाभळीच्या फांद्या ओढल्या.

छगनकाकांना पंप सुरू करू नका म्हणून विनवलं, तर ते म्हणाले की सरपंचांचा हुकूम आल्याशिवाय आपण काही करत नसतो. सरपंच दगडीअक्का तर शेतावर गेल्या होत्या. फोन लागेना.

"हुकूम नको मग," किरण म्हणाली आणि पळत सुटली. तिचे आजोबा मारुतीच्या देवळाची देखभाल करत. थोड्याच वेळात देवळाच्या भोंग्यावरून तिचा खणखणीत आवाज गावभर घुमला. आज नळाचं पाणी कुणीही भरू नका, पिऊ नका, का ते बघायला सगळे डोहावर या. एवढंच. पोत्याविषयी ती एक शब्दही बोलली नाही.

गाव लोटलं. दगडीअक्का शेतातूनच थेट आल्या आणि त्यांनी आधी पंपाच्या खोलीला कुलूप घातलं. गर्दीत फाट्यावरच्या खतं-औषधांच्या दुकानाचे सुकलालशेठही होते. पोरांनी कसला पोरखेळ मांडलाय, असं ते ज्याला त्याला सांगत होते. पण नजर मात्र त्यांची सारखी खांबांकडे जात होती. अक्कांनी फांद्या बाजूला करायला सांगितलं, तेव्हा ते घाईनं पुढे झाले.

"ती दोन्ही पोती उघडू नका, विषारी असतं ते."

सोनलला ते ऐकू आलं. ती पुढे झाली.

"शेठकाका, आम्ही तर एकच पोतं काढलंय. दोन आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सगळ्यांच्या नजरा शेठकडे वळल्या.  मग खाली बघत सुकलालशेठनी कबूल केलं. मुदत संपलेला माल दुकानात पडला होता, तपासणी येणार होती. नदी वाहून नेईल असं त्यांना वाटलं होतं.

"आमनं पानी शे ते," दगडीअक्का एवढंच म्हणाल्या.

दुसरं पोतंही तिथेच सापडलं. तालुक्याहून माणसं आली, पोती घेऊन गेली, शेठच्या दुकानाला टाळं लागलं. टाकी धुतली गेली. डोहाचं पाणी निर्मळ असल्याचा निरोप येईपर्यंत गावाला टँकरनं पाणी आलं. छगनकाकांनी पोरांना भर चौकात सांगितलं की पुढच्या वेळी मी आधी ऐकेन. पाडव्याला दगडीअक्कांनी तिघांना पाटावर बसवून ओवाळलं. ज्या गावात अशी पोरं सुट्टीला येतात, त्या गावानं त्यांची वाट बघितली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. मामाचा चेहरा फुलला होता. तो जळगावला निघाला, तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, कोणतं रीळ आणू?

योगेंद्रला शंकाच नव्हती. पोतं बेटकास्टिंगनं निघालं होतं. पण सोनल म्हणाली, "स्पिनिंगचं आण, मामा."

"तू? तुला तर ते दुसरं जमतं," योगेंद्र चकित झाला.

"मला नकोय. त्याला अंगठा लागत नाही. आबांना फेकता येईल."

डोह निर्मळ झाल्याचा निरोप आला, त्याच्या दुसऱ्या सकाळी सोनलची धुळ्याची बस यायच्या आधी सगळे नदीवर गेले. पाण्यावर धुकं होतं. आबांनी नवी काठी हातात घेतली. हात कापत होता. त्यांनी काठी मागे नेली आणि सोडली. दोरा सरसरत सुटला आणि पत्र्याचा मासा डोहाच्या पार मधोमध टुपकन पडला.

आबा पाण्याकडे बघत राहिले. भुसावळ सोडल्यापासून गळ टाकला नव्हता, असं ते हळूच म्हणाले. एकट्यानं मन लागत नव्हतं. मग त्यांनी खडकावर सरकून शेजारी जागा केली.

"बसा रे बठ्ठा," ते म्हणाले. "आते गप्प ऱ्हावानं. मासा येवाले टाइम लागस."

तिघं त्यांना चिकटून बसली. लांबून बसचा भोंगा ऐकू आला, पण कुणीच उठलं नाही.