पनागरला गेलेली पायल

पायलने पिशवीत तीन पांढरे दुपट्टे घडी करून ठेवले आणि अंजनीबाई उठून तिच्यासमोर आल्या.

"हे काहून भरून राहिली तू?"

"आई, मी पनागरला राहायला जाते. परिवारात."

चार महिन्यांपासून ती दर रविवारी त्या 'मौन परिवारा'त जात होती. शहराबाहेर भाजीच्या मळ्यांमागे पत्र्याची मोठी शेड, आत ना मूर्ती ना ग्रंथ, फक्त प्रणोती दीदी नावाची एक बाई आणि तिच्यासमोर तासन् तास गप्प बसणारी माणसं... आणि मोबाइल मात्र फाटकावरच जमा! अधारतालला, त्यांच्या वस्तीत, शेजारणी काय कुजबुजत होत्या, ते अंजनीबाईंना ठाऊक होतं.

"ये सब ब्रेनवॉश है, आई," पायलचा थोरला भाऊ जगदीश दारातूनच म्हणाला. "गेली तर या घरात परत पाय ठेवायचा नाही तिनं."

पायलने आईकडे पाहिलं. "आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या आईनं अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. तूच सांगितलंस ना मला?"

"ती दीक्षा उघड्या मैदानात होती पोरी, साऱ्या जगासमोर. फाटक लावून नाही."

पायल गेली. 'परत पाय ठेवायचा नाही' म्हणणाऱ्या जगदीशला अडवायला हवं होतं, ते अंजनीबाईंनी केलं नाही, आणि तीच गोष्ट त्यांना आतून पोखरत राहिली... तीन आठवडे पायलचा फोन बंद. चौथ्या रविवारी त्या कोणाला न सांगता पनागरच्या बसमध्ये बसल्या.

फाटकावर प्रणोती दीदी स्वतः आली. "माताजी, पायल अभी साधना में है. मोबाइल देकर अंदर आइए." तिचा आवाज इतका मऊ होता, की अंजनीबाईंचा संशय आणखीच गडद झाला.

"मोबाइल देणार नाही आणि आतही येणार नाही. माझ्या पोरीला बाहेर पाठवा," म्हणत त्या फाटकाजवळ मातीतच बसल्या. दोन तास ऊन डोक्यावर तापत राहिलं. मग पायल आली... सुकलेली, पण शांत.

"कोणी डांबून तर नाही ठेवलं ना तुला? खरं सांग."

"नाही आई." ती समोर बसली. "बापूंना अर्धांगवायू झाला, तेव्हा दोन वर्षं मीच त्यांना कुशीवर वळवत होते. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, बापू कसे आहेत. ते गेल्यावर इथं पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, पायल, तू कशी आहेस?"

अंजनीबाईंना नवऱ्याच्या आजारपणाची ती दोन वर्षं आठवली. शिक्षण सुटलेली, रात्रंदिवस राबणारी ही मुलगी... आणि आपण तिला फक्त औषधांच्या वेळा विचारत राहिलो. त्यांचे डोळे भरून वाहू लागले.

"चुकलं माझं, बाळा. चल घरी."

"आत्ता नाही, आई."

अंजनीबाईंनी हट्ट केला नाही. पदराने डोळे पुसून त्यांनी तिथूनच जगदीशला फोन लावला. "मी पनागरला आहे. बहिणीला घराचं दार बंद असेल, तर मलाही बंद समज. मी पण येत नाही." त्यांनी फोन ठेवला आणि पायलचा हात घट्ट धरला.

"तुझ्या दीदीवर माझा काडीचा भरवसा नाही. दर रविवारी इथं येऊन बसीन मी. तू बाहेर येत जा. आणि ज्या दिवशी वाटलं, त्या दिवशी निघायचं, कोणाला विचारायचं नाही."

लहानपणीसारखं पायलने आईच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि मग तिला हुंदका आवरेना.

तासाभराने जगदीशची मोटारसायकल धुरळा उडवत आली. तो तावातावाने उतरला. "कुठे आहे ती दीदी? बात करनी है मुझे."

"आज नको. आज हिच्याजवळ बस," अंजनीबाई म्हणाल्या.

तो क्षणभर घुटमळला, मग बहिणीशेजारी मातीत बसला आणि हलकेच म्हणाला, "वाळली आहेस तू..."

शेडच्या खिडकीत प्रणोती दीदी उभी होती, तशीच मऊ हसत. अंजनीबाईंनी दोन्ही लेकरांना जवळ ओढलं आणि तिच्यावरची नजर मात्र हलवली नाही.