तिरप्या दगडांची पाळ

विलायतेतल्या कॉर्नवॉलहून आलेल्या पत्राला अण्णाजींनी उत्तर दिलंच नव्हतं. केळझरच्या वाचनालयाच्या पत्त्यावर लोवेना ट्रेम्बाथ नावाच्या वृद्ध बाईंनी लिहिलं होतं, "आमच्या पणजोबांचे भाऊ जेबेझ दगडी कोळसा शोधायला तुमच्या भागात आले आणि तिथेच वारले. त्यांची एखादी खूण उरली आहे का?"

वाचनालय सांभाळणाऱ्या अण्णाजींनी कॉर्नवॉलबद्दल मिळेल ते वाचून काढलं, वाचनालयात येणाऱ्या पोरांनाही पत्र वाचून दाखवलं. पण 'काही उरलं नाही' असं लिहिण्याचा धीर होईना. त्यात आपलं इंग्रजी चुकलं तर?

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी रोशनी, ऋतिक आणि मयुरी धापा टाकत वाचनालयात शिरले.

"अण्णाजी, लांब दोर हाये का?"

"दोर? पुस्तकं बांधायला?"

"नाई हो! पांदणीवर भानगड हाये!"

शेतांकडे जाणारा पांदण रस्ता रुंद होणार होता. ठेकेदाराने चुन्याची रेघ मारली होती. ती सरळ येत होती, कडुनिंबाजवळ एकदम वळून जुन्या दगडी पाळीच्या पलीकडून वळसा घेत होती आणि पुढे पुन्हा सरळ होत होती!

"सरळ रस्ता काऊन वाकला, सांगा!" मयुरी म्हणाली.

"पाळीचे दगड फुकटात पाहिजे त्याले, रस्त्यात भराले," ऋतिक म्हणाला. "जेसीबी आजच येऊन राह्यला!"

"आन पाळ बी अजीबच हाये," रोशनीने मोबाईलवरचा फोटो पुढे केला. "दगड आडवे नाई, तिरपे उभे हायेत. एक रांग इकडे झुकते, वरची तिकडे. वेणीवानी! मधात माती भरली."

अण्णाजी ताडकन उठले. त्यांनी कपाटातून एक पुस्तक ओढून काढलं. चित्रात समुद्राचा कडा होता, हिरवी शेतं होती आणि शेतांभोवती अगदी तश्शीच पाळ!

"आपल्याकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, मातीचा. दगड रचले तरी आडवेच. ही रीत कॉर्नवॉलची!"

"म्हंजे जेबेझची पाळ!" रोशनी ओरडली.

"बहुतेक... मी चुकतही असेन..."

"चुकले त चुकले! चला ना!"

ऋतिक अण्णाजींना घेऊन सरपंच आनंदाबाईंकडे धावला. दोघी मुली दोर घेऊन पांदणीवर पोचल्या. जेसीबी आलाच होता!

"सरका पोट्टेहो!" ठेकेदार ओरडला.

मयुरी भोळा चेहरा करून म्हणाली, "काका, रस्ता सरळ हाये ना तुमचा?"

"एकदम सरळ! नकाशात हाये तसाच!"

"मंग हे टोक रेघेवर धरा ना जरा. आमचा शाळेचा प्रकल्प हाये."

ठेकेदाराने मिशीत हसत दोर धरला. दुसरं टोक घेऊन रोशनी पळत सुटली, कडुनिंबाच्याही पुढे गेली आणि रेघ पुन्हा सरळ झाली होती तिथे उभी राहून तिने दोर ताणला. तो पाळीला न शिवता बाहेरूनच गेला!

तेवढ्यात ऋतिक आणि अण्णाजींसोबत आनंदाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"दोर तुमच्याच हातात हाये," त्या म्हणाल्या. "मंग रेघ तिकडे काऊन गेली?"

ठेकेदाराने दोर असा सोडला, जणू विंचूच चावला! जेसीबी गप्प झाला.

आनंदाबाईंनी पुस्तकातलं चित्र पाहिलं, पाळ पाहिली. "पण अण्णाजी, गोऱ्या इंग्रजाची पाळ आपण काऊन सांभाळाची?"

अण्णाजींनी पुस्तक मिटलं. तिन्ही मुलं त्यांच्याकडे पाहत होती.

"त्यांना इंग्रज म्हटलं तर राग येतो, बाई," ते हळूच म्हणाले. "इंग्लंडच्या टोकाला, तीन बाजूंनी समुद्र असलेला मुलूख आहे तो. पण ते लोक स्वतःला वेगळे मानतात. काळ्या झेंड्यावर पांढरा क्रॉस. भाषा निराळी. संपली संपली म्हणता म्हणता आता पोरं ती पुन्हा शिकतात. तिथल्या तांब्या-कथिलाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा माणसं पोटासाठी जगभर गेली. जेबेझ साहेब नव्हता, खाणमजूर होता. इथे त्यानं आपल्या घरच्यासारखी पाळ रचली."

आनंदाबाईंनी एका तिरप्या दगडावरून हात फिरवला.

"माह्या पोरानं बी पुण्यात गॅलरीत तूर लावली हाये," त्या म्हणाल्या. मग ठेकेदाराकडे वळल्या. "रेघ पुसा. माह्यासमोर सरळ मारा!"

"हुर्रे!" ऋतिकने उडीच मारली.

"शाब्बास पोट्टेहो! आन अण्णाजी, तुमाले बोलता बी येते म्हणजे!"

अण्णाजी कानापर्यंत लाल झाले.

संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. एक कागद फाडला, दुसरा फाडला.

"पत्राच्या शेवटी आपल्या भाषेत लिहा ना," रोशनी म्हणाली.

"'मले-तुले'? त्यावरून तर तुला शाळेत बोलणी बसतात!"

"त्यायची भाषा त संपली म्हणत होते ना सारे? मंग आपली काऊन लपवाची?"

अण्णाजी हसले. इंग्रजी मजकुराखाली त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'तुमच्या मानसाची पाळ उभी हाये. पाहाले येजा.' त्याचा अर्थही शेजारी लिहिला.

दुसऱ्या दिवशी टपालपेटीच्या तोंडाशी त्यांचा हात अडखळला. "पाहाले की बघाले?"

"अण्णाजी!" तिघंही एकदम ओरडले.

पाकीट आत पडलं.