हिराचं विरजण

सहवास-परीक्षा केंद्राच्या काचेच्या खोलीत हिरा बागवे पदर सावरून बसली होती. शेजारी शरयू. दोघींची भेट सहा वर्षांनी, कालच विमानतळावर झाली होती, पण चारचौघांत हात धरायची सवय कुठे होती? मिरजेत उभा जन्म त्या शेजारणी म्हणून राहिल्या. मधल्या भिंतीत एक दार होतं आणि लोकांच्या नजरेसाठी दारापुढे कपाट.

या उत्तरेकडच्या देशात दोन बायकांचं नातं कायद्याला मान्य होतं. शरयू आश्रय मागून आधी आली. आता हिराला आणायचं होतं. पाहुणीला इथं लग्न करता येत नसे. जोडीदार म्हणून राहायचं तर नातं आधीचं आहे, हे सिद्ध करावं लागे.

"कागद खोटे करता येतात," डॉ. निरुपमा दातार म्हणाल्या, "पोटातले सूक्ष्मजीव नाही. एका घरातल्यांची जीववसाहत सारखी होत जाते. शरयूताई, तुमच्या इथल्या शेजाऱ्यांपेक्षा तुमच्याशी हिराताईंचा मेळ जास्त बसला, की त्या तुमच्या जोडीदार. इथला कोण आणि परका कोण, तेही आम्ही असंच ठरवतो."

"आणि नाही बसला तर?" शरयूनं विचारलं.

"परतीचं विमान."

"सहा वर्षं ही इथले मासे खातेय," हिरा म्हणाली. "डोंबल बसणार मेळ!"

शरयू नुसती हसली. येताना तिनं हिराच्या विरजणात बुडवून वाळवलेलं फडकं आणलं होतं. त्याच विरजणाचं दही ती इथं रोज लावत आली होती.

निकाल घेऊन आलेल्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी होती. "मेळ उत्तम आहे."

शरयूचा जीव भांड्यात पडला.

"पण तुलनेसाठी तुमच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांचे नमुने घेतले होते. हिराताईंचा त्यांच्याशीही तेवढाच मेळ आहे. असं कसं?"

"अहो, सगळे माझ्याकडूनच विरजण नेतात," शरयू म्हणाली. " खालचे आजोबा, वरची बाळंतीण... घरोघरी तेच दही."

"मग जोडीदार सिद्ध होत नाही. परीक्षेच्या लेखी या तुमच्या इमारतीत वर्षानुवर्षं राहिलेल्या शेजारीण."

"हात् तिच्या!" हिरा म्हणाली. "एवढे समुद्र ओलांडले, तरी शेजारीणच?"

डॉक्टर पडद्यावरचं कायद्याचं कलम पुन्हा वाचत होत्या.

"थांबा. जिची जीववसाहत इथली, ती परकी नाही. म्हणजे हिराताई रहिवासी. आणि दोन रहिवासी लग्न करायला निघाले, तर त्यांची परीक्षा कुणी घेत नाही."

शरयू हिराकडे वळली. "काय हो शेजारीणबाई, करता का लग्न?"

हिरानं सगळ्यांदेखत तिचा हात धरला.

"मधे कपाट ठेवणार नसशील तर."