डाव्या ब्रेकवरची दोन बोटं

"उचल, अजून थोडी," देवश्री कुजबुजली, आणि भार्गवनं दात आवळत सायकलीचं मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर उचललं.

ऊन असं होतं की जमलं असतं तर रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या मारुतीनंही आपली शेपटी सावलीत ओढून घेतली असती. डांबर चपला सोडत नव्हतं आणि कावळे उडायचं सोडून भिंतीकडेनं पायी चालले होते. मोठी माणसं कूलरसमोर घोरत होती. ती वेळ साधून देवश्री, तिचा नागपूरचा चुलतभाऊ भार्गव आणि शेजारची यामिनी जिन्याखाली शिरले होते. जिला हात लावायची घरात कुणालाच परवानगी नव्हती, त्या सायकलीवरची ताडपत्री त्यांनी बाजूला केली होती.

सायकल विजेवर चालणारी होती. आजोबांची.

आजोबा, म्हणजे श्यामराव, रेल्वेत मालगाडीचं इंजिन चालवायचे. ते निवृत्त झाले, पण त्यांच्या मालगाड्या काही थांबल्या नाहीत. त्या गप्पांमधून धावू लागल्या. एक गाडी म्हणे एवढी लांब होती की इंजिन बिलासपूरला पोचलं तेव्हा गार्ड रायपूरच्या फलाटावर समोशाला चटणी मागत होता. घरातून निघताना आजोबा दारात थांबून दोन बोटं पुढे करायचे आणि विचारायचे, "समोर?" देवश्रीनं रस्ता पाहून सांगायचं, "मोकळं." इंजिनात सिग्नल असाच बोलायचा असतो. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं पडताळायचं. तिनं सांगितल्याशिवाय आजोबा उंबरा ओलांडत नसत.

होळीनंतर हे सगळं बंद पडलं.

रोज सकाळी आजोबा मारुतीसमोर सायकल थांबवायचे. उतरायचे नाहीत. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर, डावा हात मुठीवर, आणि उजवा हात कपाळाला. मग प्रसादातली थोडी बुंदी पायरीशी बसलेल्या तांबूस कुत्रीपुढे ठेवायचे. ती पोळीला तोंड लावत नसे, फक्त बुंदी खायची, म्हणून साऱ्या मोहल्ल्यानं तिचं नावच बुंदी ठेवलं होतं.

त्या सकाळी नमस्कार करता करता उभी सायकल पुढे झेपावली. पुढे बुंदी होती आणि तिच्यामागे दगडी पायरी. आजोबांचा फक्त गुडघा खरचटला. बुंदी दुपारपर्यंत होती, देवश्रीच्या जुन्या ओढणीवर. मग नव्हती.

"ब्रेक दाबायचाच राहिला माझा," आजोबा एवढंच म्हणाले. बाबांना ते लगेच पटलं. वय झालं, हात लवकर चालत नाही, आता नको ती सायकल. त्या दिवसापासून आजोबा घराबाहेर पडले नव्हते. मालगाड्या थांबल्या. सुट्टी संपली की भार्गवसोबत ते काकांकडे नागपूरला जाणार होते, कायमचे. पिशवी त्यांनी आपणच भरून दाराशी ठेवली होती. तिथं मले कोणी ओळखत नाही, म्हणाले, तेच बरं. येता-जाता देवश्री ती दारापासून थोडी आत सरकवायची.

ताडपत्री काढायचं कारण मात्र भार्गव. काल कॅरमची सोंगटी शोधायला तो जिन्याखाली वाकला आणि ताडपत्रीतून डोकावणारी डावी मूठ पाहून तिथंच थबकला.

"देवू, आजोबा कोणत्या अंगावर पडले होते?"

"उजव्या. काहून?"

"मग डावा ब्रेक काहून वाकला?"

खरंच की. उजवी मूठ, उजवं पायडल, सगळं घासलेलं. डावी बाजू नव्यासारखी, पण ब्रेकची दांडी मधोमध मुठीकडे वाकलेली. नंतर वाकली असेल, असं यामिनी म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती हिंदीतच. देवश्रीनं मान हलवली. त्या दिवसापासून सायकलीला कुणी हात लावला नव्हता.

म्हणून आज हा उद्योग. बॅटरी सकाळीच गुपचूप चार्ज करून ठेवली होती. देवश्रीनं किल्ली फिरवली आणि पायडल हातानं हळूहळू फिरवत राहिली. चाकातली मोटर जागी झाली आणि चाक गरगरू लागलं. म्हणजे पायडलवर जोर असो-नसो, ते नुसतं फिरलं तरी या सायकलीला पुरत होतं.

"अब ब्रेक," म्हणत यामिनीनं डावा ब्रेक दाबला.

चाक मंदावलं, पण मोटर थांबेना. ती गुरगुरत ब्रेकशी झोंबतच राहिली, आणि सायकल भार्गवच्या हातात थरथरू लागली. देवश्रीनं झटकन किल्ली बंद केली. तिघांच्याही डोळ्यांसमोर ती पायरी आली होती.

शेवटी यामिनी म्हणाली, "पर सब ऐसी ही होती होंगी तो?"

ते दुकानातच कळणार होतं. देवश्रीला आणखी एक गोष्ट खुपत होती. सायकल घरी आली त्या दिवशी आजोबा बसले की ती चालायचीच नाही, आणि बाबा बसले की मुकाट चालायची. बाबा ती दुकानात घेऊन गेले आणि चहा निवायच्या आत परत आले. सेटिंग होती, झाली, म्हणाले. कसली सेटिंग, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि दुकानदारानं सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी भार्गवनं हट्ट धरला की त्याला विजेची सायकल पाहायचीच आहे. घ्यायची नाही, नुसती पाहायची. बाबा कुरकुरत तिघांना घेऊन निघाले. आजोबांची सायकल जिथून घेतली, ते विशाल भैयाचं दुकान म्हणजे बाहेर रंगीत पताका, आत रंगीत सायकली आणि मध्ये विशाल भैयाची जीभ, जिला चार्जिंग कधी लागत नसे. बाबा फोनवर बोलत दारातच थांबले. भार्गवनं तोंड गंभीर केलं आणि सांगितलं, नागपूरच्या आमच्या एका आजोबांसाठी पाहून राहिलो. ते देवळासमोर सायकलीवर बसूनच नमस्कार करतात, पाय पायडलवर ठेवून.

विशाल भैया खुलला. त्यानं आधी मुठीनं पळणारी दाखवली. पिळली की सुटली, पायडल मारायची गरज नाही. ती म्हाताऱ्या माणसाला नको, असं तोच म्हणाला. मग पायडलला साथ देणारी. त्यात पुन्हा दोन जाती. एक नुसतं फिरणं ओळखते. पायडल हललं की मोटर ढकलते, आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. दुसरी पायाचा जोर मोजते. हळू दाबलं तर हळू मदत, जोरात दाबलं तर जास्त. चढ असेल तर मोटर पायडलपाशी असलेली बरी, सपाट गावात चाकातलीही चालते. बॅटरी रोजच्या रस्त्यापुरती असावी, फुकटचं वजन कशाला वाहायचं.

"पहले आदमी देखो, फिर गाड़ी," तो ऐटीत म्हणाला. "आपके दादाजी के लिए ज़ोर नापने वाली। दूसरी तो मंदिर के सामने झटका मार देगी।"

देवश्रीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. हे याला ठाऊक होतं. पण सायकल घेतली त्या दिवशी बाबांनी एवढंच विचारलं होतं की एका चार्जमध्ये किती पळते, आणि त्यानं तेवढ्याचंच उत्तर दिलं होतं.

मी बसून पाहू का, असं तिनं विचारलं. मुद्दाम आजोबांसारख्याच जातीची सायकल निवडली आणि बसलीही आजोबांसारखीच. पाठ ताठ, नजर लांब, आणि डाव्या ब्रेकवर दोन बोटं नुसती टेकवलेली. इंजिन चालवणाऱ्याचा हात ब्रेकवरून कधी उठत नाही, आजोबा सांगायचे. झोपेतसुद्धा त्यांची ती दोन बोटं उशीच्या कडेवर असायची. तिनं पायडल मारलं. सायकल नुसत्या पायाच्या बळावर जडपणे सरकली. मोटर मुकी.

"भैया, ही चालत नाही."

"ब्रेक पे उँगली है ना, बेटा। उँगली हटाओ। ब्रेक ज़रा सा भी दबे तो मोटर बंद, यही तो सेफ्टी है।"

तिनं बोटं उचलली. मोटर लगेच गुणगुणली. पुन्हा टेकवली, पुन्हा गप्प.

सगळं एका क्षणात जागेवर बसलं. तिनं आवाज साधा ठेवला. "आणि एखाद्याची बोटं उठतच नसतील तर?"

"तो उसका तार निकाल देते हैं," विशाल भैया हसत म्हणाला. "दो मिनट का काम। कई लोगों का किया है। आपके पापा की गाड़ी का भी..."

तो थांबला. दारात बाबा उभे होते. फोन कानापासून खाली आला होता, आणि पलीकडून कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

बाबांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं देवश्रीला वाटलं. ते फक्त एका सायकलीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मी विचारलंच नाही रे. काय काढलं, ते मी विचारलंच नाही." विशाल भैयाची जीभ आयुष्यात पहिल्यांदा रिकामी झाली. ज्यांच्या ज्यांच्या तारा काढल्या होत्या त्या जोडायला तो दुसऱ्या दिवसापासून गावभर फिरला, पार गावाबाहेर उरल्याच्या कारखान्यांच्या फाटकांपर्यंत. पण ते नंतर.

घरी आल्यावर बाबा आजोबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच अडले. मग देवश्रीनंच भार्गवच्या मदतीनं सायकल खोलीत आणली. आजोबांनी तोंड फिरवलं. तिनं त्यांचा डावा हात हळूच उचलून मुठीवर ठेवला. बोटं आपोआप पुढे गेली आणि दांडीवर टेकली. बरोबर त्या बाकात. दोन बोटं, जशी साच्यात बसावी तशी.

"तुम्ही दाबला होता, आजोबा. दांडी वाकेपर्यंत दाबला होता. मोटरच थांबली नाही. थांबवणारी तार दुकानात काढून टाकली होती."

आजोबा त्या बोटांकडे पाहत राहिले.

"सचिन," त्यांनी दारात अडलेल्या बाबांना, तिकडे न पाहताच विचारलं, "पोट्टी खरं सांगून राहिली का?"

"हो, बाबा. चूक माझी."

आजोबांचे खांदे हलू लागले. देवश्रीनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग ते तिला म्हणाले, "बुंदीला कळलं असंल का गं, मी दाबला होता म्हणून?"

तिनं त्यांचा हात तसाच धरून ठेवला.

सकाळी दाराशी पिशवी नव्हती. भार्गवनं ती आधी पाहिली, म्हणजे नसलेली पाहिली, आणि यामिनीला हाक मारली. आजोबा धोतर नेसून, चपला घालून दारात उभे होते. सायकल नको म्हणाले, पायीच जाऊ. मग तिघांकडे वळून त्यांनी घसा साफ केला.

"माझ्या इंजिनावर तुमच्यासारखे तीन असिस्टंट असते ना, तर मालगाडी चंद्रावर नेली असती मी. आणि गार्ड रायपूरलाच चटणी मागत राहिला असता." बाबांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

मारुतीपाशी आजोबा पायरीच्या अलीकडे थांबले. उजवा हात कपाळाला लावला. मुठीतली बुंदी पायरीशी ठेवली, रोज ठेवायचे त्याच जागी, आणि सरळ उभे राहिले. डाव्या हाताची दोन बोटं पुढे झाली.

"समोर?"

देवश्रीनं पाहिलं. पायरी होती, सकाळचं ऊन होतं, बुंदीचे पिवळे दाणे होते. तिनं पुन्हा एकदा पाहिलं. आजोबा थांबले, पडताळल्याशिवाय ते कधी निघत नसत.

"मोकळं, आजोबा," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून चालू लागली.